हवेचा हिशेब ठेवणारा शास्त्रज्ञ : जॉन स्कॉट हाल्डेन

कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. तो शरीरात कधी शिरला हे माणसाला कळतही नाही. या छुप्या वैऱ्याला मोजमापात पकडणाऱ्या शास्त्रज्ञांत हाल्डेन यांचे स्थान फार वरचे आहे.

त्यांचा जन्म मे १८६० मध्ये एडिंबरो येथे झाला. १८८४ साली वैद्यकाची पदवी मिळाली, पण दवाखाना थाटून ते बसले नाहीत. डंडी शहरातील गरिबांच्या कोंदट खोल्यांत मध्यरात्री जाऊन त्यांनी हवेचे नमुने गोळा केले. पुढे ऑक्सफर्ड हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. हवेच्या पृथक्करणासाठी त्यांनी सुटसुटीत उपकरण बनविले. हवा मोजून घ्यावयाची, एकेका रसायनातून न्यावयाची आणि आकारमान किती घटले ते पाहावयाचे. जणू हवेचा जमाखर्चच!

जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार दगावले. हाल्डेन यांनी मृतांचे रक्त तपासले. ते लालभडक होते. बहुतेकांचा बळी स्फोटाने नव्हे, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. पातळ केलेल्या रक्ताचा रंग कार्माइनच्या द्रावणाशी ताडून विषाचे प्रमाण ते ठरवीत. त्यापूर्वी त्यांनी हा वायू स्वतः हुंगून पाहिला होता. निम्मे रक्त निकामी होईपर्यंत ते थांबले नाहीत! लहान जिवाला हे विष लवकर बाधते, म्हणून खाणीत उंदीर किंवा पक्षी न्यावा, हा सल्ला त्यांचाच. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत सोबतीला होता.

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, जर्मनांनी सोडलेला विषारी वायू क्लोरीन असल्याचे त्यांनी ओळखले. मार्च १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले व १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले.

आज हा वायू अवरक्त किरणांच्या यंत्राने मोजतात. २००९ च्या भारतीय मानकाप्रमाणे आठ तासांची मर्यादा घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे. परंतु महामार्गावरील वाहनांच्या आणि गिरण्यांच्या धुरात सुरतजवळच्या कडोदऱ्यासारख्या गावी राबणाऱ्या कामगाराच्या नाकाशी हवा कशी आहे, हे कोणी तरी जाऊन मोजले पाहिजे. हाल्डेन प्रयोगशाळेत बसून राहिले नाहीत. ते खाणीत उतरले. विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून घ्यावयाचा धडा हाच.