कुलपे बनविणाऱ्याचा मुलगा : जॉर्ज सायमन ओहम

संध्याकाळी व्होल्टेज उतरले की घरातील पाण्याची कॉइल रुसून बसते, हे तुम्ही पाहिलेच असेल. २३० व्होल्टचे १८० झाले, म्हणजे घट जेमतेम बावीस टक्क्यांची. मग बादलीभर पाण्याला दीडपटीहून अधिक वेळ का लागावा? याचे उत्तर ज्यांच्या नियमात दडले आहे ते गृहस्थ एक शाळामास्तर होते. त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे. पालकांनीही ती वाचावी, अशी विनंती आहे.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील कुलपे बनवीत. आपल्याकडील शिकलगाराची भट्टी, ऐरण आणि कानस डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ते घर दिसेल. या वडिलांना शाळा अशी लाभली नव्हती. परंतु हातातले काम सांभाळून त्यांनी स्वतःच गणित व विज्ञान वाचले आणि पोरांना शिकविले. सात मुलांपैकी तीनच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली. अशा घरात पोराला दप्तर सोडायला लावून कानशीवर बसविणे किती सोपे होते! वडिलांनी ते केले नाही. धाकटा मुलगा मार्टिन हाही पुढे गणिती झाला. दहावीनंतर मुलाचा दाखला न्यायला येणाऱ्या वडिलांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो. काही ऐकतात, काही दाखला घेऊन जातात.

जॉर्ज काही आदर्श मुलगा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. १८०५ साली विद्यापीठात गेल्यावर नाच, बिलियर्ड आणि बर्फावरून घसरण्याचा खेळ यांत त्याचा वेळ जाऊ लागला. वडील संतापले. त्यांनी त्याला विद्यापीठातून काढले आणि सतराव्या वर्षी जॉर्ज स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवू लागला. तेथे स्वतः अभ्यास करून १८११ साली त्याने एर्लांगेनचीच डॉक्टरेट मिळविली. पुढे तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या झाल्या. १८१७ साली कोलोनच्या शाळेत जागा मिळाली. तेथे प्रयोगशाळा चांगली होती, आणि येथूनच खरी कथा सुरू होते.

तारेतून किती वीज वाहते हे तारेच्या लांबीवर कसे अवलंबून असते, हे ओहम यांना शोधायचे होते. त्या काळी मीटर कोठला! पातळ धातूच्या पट्टीला चुंबकसूची टांगून तिचे वळणे मोजायचे. हे उपकरण त्यांनी स्वतः तयार केले; वडिलांच्या कारखान्यात शिकलेला हात येथे कामी आला. पहिले निष्कर्ष त्यांनी १८२५ साली छापले, आणि ते चुकले होते. त्या वेळच्या बॅटरीचा जोर प्रयोग चालू असतानाच उतरत जाई, त्यामुळे आकडे फसवत. तेव्हा पोगेनडॉर्फ नावाच्या शास्त्रज्ञाने एक तोड सुचविली. बिस्मथ व तांबे यांचे सांधे करून एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवायचा. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळते आहे तोवर तापमानातील अंतर कायम, म्हणून विजेचा दाबही कायम. वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून ओहम यांनी पुन्हा मोजणी केली आणि १८२६ साली स्वतःचीच चूक दुरुस्त केली. १८२७ साली त्यांचा ग्रंथ निघाला.

नियम असा : तापमान कायम असता तारेच्या दोन टोकांमधील विभवांतर भागिले विद्युतधारा ही संख्या बदलत नाही. तीच त्या तारेचा रोध.

एवढी साधी गोष्ट जर्मनीत मात्र कोणी मनावर घेतली नाही. काहींनी कडक टीका केली. ओहम यांनी कोलोनची जागा सोडली आणि पुढची काही वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ शिकवणीवर काढली. १८३३ साली न्युरेंबर्गला जागा मिळाली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिले, तेव्हा कोठे मायदेशाने डोळे उघडले. म्युनिकमध्ये विद्यापीठाची भौतिकशास्त्राची प्राध्यापकी मिळाली ती १८५२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. ६ जुलै १८५४ रोजी ते वारले. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला त्यांचे नाव दिले.

आता आपली कॉइल. तिच्यावर २३० व्होल्ट, १००० वॅट असे लिहिले आहे. शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. म्हणून धारा १००० भागिले २३०, सुमारे ४.३५ अँपिअर. रोध २३० भागिले ४.३५, सुमारे ५३ ओहम. दाब १८० झाला तरी तार तीच, रोध जवळजवळ तोच. मात्र धारा उतरून ३.४ अँपिअर होते. म्हणजे दाबही उतरला आणि धाराही, आणि शक्ती हा तर दोहोंचा गुणाकार. १८० गुणिले ३.४ म्हणजे सुमारे ६१२ वॅट. दहा मिनिटांचे काम सोळा मिनिटांवर जाते ते यामुळे.

घरच्या इस्त्रीवरील पट्टी वाचून तिचा रोध काढा. मात्र प्लग काढून ठेवूनच पट्टी वाचा, आणि उघड्या तारेला हात लावू नका.