पंडिता रमाबाई आणि एकदाच झालेले अर्पण

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत हिंडताना एक गोष्ट आमच्या वारंवार नजरेस येते. पाऊस लांबला, बैल दगावला, किंवा घरातले लेकरू देवाघरी गेले, की चांगला विश्वासणारा बंधूही हळूच विचारतो की, देवाला द्यावयाचे आमच्याकडून काही राहून गेले असेल काय? या प्रश्नाचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते, म्हणून ते आज आम्ही थोडक्यात सांगतो.

रमाबाईंचा जन्म सन १८५८ त पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान व निष्ठावान ब्राह्मण. लोकांचा रोष पत्करून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने ती विद्या कन्येस दिली. रमाबाई लहान असतानाच हे कुटुंब तीर्थाटनास निघाले. क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगावे, मिळेल त्यावर निर्वाह करावा, आणि देवास व ब्राह्मणांस दान करावे, असा त्यांचा क्रम होता.

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. शास्त्रीबोवांनी उपास व व्रते वाढविली, तीर्थस्नाने केली. दागिने, उंची वस्त्रे, शेवटी तांब्यापितळेची भांडीही विकली, आणि तो पैसाही दानधर्मात गेला. मग झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. सन १८७४ च्या सुमारास प्रथम वडील, काही आठवड्यांनी आई, आणि त्यामागून थोरली बहीण, अशी तिघे एकामागून एक गेली. आईच्या तिरडीला चौथा खांदेकरी मिळेना, तेव्हा रमाबाईंनी स्वतः भार उचलला. उंची कमी म्हणून तो त्यांस डोक्यावर घ्यावा लागला.

वाचकहो, अनंतशास्त्र्यांस आम्ही हसत नाही. त्यांच्या निष्ठेपुढे आम्हां पुष्कळांस मान खाली घालावी लागेल. परंतु त्यांचे दुःख नीट पाहा. सावकाराच्या वहीत नाव चढलेला कुणबी जन्मभर भरीत राहतो, आणि खाते मिटल्याची पावती त्यास कधी मिळत नाही, तशी त्यांची गत झाली. किती दिले म्हणजे पुरे, हे त्यांस कोणीच सांगू शकले नाही.

सन १८७८ त रमाबाई भावासह कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला, विवाह झाला, कन्या मनोरमा झाली. आणि सन १८८२ त पतीही निवर्तले. सन १८८३ त त्या विलायतेस गेल्या. तेथे फुलहॅम या ठिकाणी पतित स्त्रियांस प्रेमाने सांभाळणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. त्याचे कारण विचारता, प्रभूची व शोमरोनी स्त्रीची विहिरीवरील भेट त्यांस वाचून दाखविण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता उपदेशक बंधूंनी विशेष लक्ष द्यावे. बाप्तिस्म्यास आठ वर्षे होत आली, मुंबईस सन १८८९ त शारदा सदन निघून ते पुण्यास आले, तरी बाईंच्या मनास स्वस्थता नव्हती. ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांस पुढे कळून आले. हॅस्लम नावाच्या एका पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ इतरांस उपदेश करीत असता स्वतःच तारणावाचून होता. ते वाचून बाईंची दृष्टी आतल्या बाजूस वळली. पापक्षमा कमवावयाची नसून घ्यावयाची आहे, ही गोष्ट त्यांस उमगली.

प्रायश्चित्ताचे मर्म हेच होय. इब्रीकरांस पत्रात शिकविले आहे की, पूर्वीचे याजक वर्षानुवर्षे तेच यज्ञ करीत. ख्रिस्ताने मात्र स्वतःस एकदाच अर्पण केले, आणि ते सर्वकाळास पुरले. रागावलेल्या देवास कोणा तिसऱ्याने शांत केले, असे समजू नका. देवाने आपणच आपला पुत्र दिला. ज्याचे देणे लागत होते, त्यानेच ते आपल्या अंगावर घेतले. वधस्तंभ ही आमची पावती होय.

मग आमच्या अर्पणास काही अर्थ उरतो काय? उरतो, आणि बाईंनी तो करून दाखविला. सन १८९६ त मध्यप्रांतात दुष्काळ पडला. भुकेने ज्यांची आई नेली, त्या रमाबाई उठून त्या दुष्काळात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. केडगाव येथे मुक्ति सदन उभे राहिले. जे हात पूर्वी देवाचे देणे फेडण्यासाठी रिते झाले होते, तेच आता देणे फिटल्याच्या आनंदाने भुकेल्यांस वाढू लागले. पुढे इब्री व ग्रीक भाषा शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. सन १९२१ त मनोरमाबाई गेल्या, तरी हे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या.

म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, रविवारी मूठभर धान्य मंडळीत आणाल तेव्हा ते भीतीने आणू नका. संकट आले म्हणजे देव जुने देणे वसूल करीत आहे, असे मनात आणू नका. ते देणे कालवरीवर फिटले. आता द्यावयाचे ते उपकारस्तुती म्हणून द्या, आणि शेजारचे घर उपाशी असेल तर आधी तेथे द्या. प्रभु आम्हां सर्वांस असे मोकळे मन देवो.