आयुष्यभर नाटकात रमलेल्या पेगी ॲशक्रॉफ्टला ७७ व्या वर्षी ऑस्कर मिळालं, तेही भारतातल्या गोष्टीमुळे

२५ मार्च १९८५. लॉस एंजेलिसमध्ये ऑस्करचा सोहळा रंगात आला होता. सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचं नाव पुकारलं गेलं, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि बाहुली घ्यायला स्टेजवर आली ती अँजेला लॅन्सबरी. पण पुरस्कार तिचा नव्हताच. ज्या बाईंना तो मिळाला होता, त्या सोहळ्याला आल्याच नव्हत्या.

त्यांचं नाव पेगी ॲशक्रॉफ्ट. वय वर्षे ७७. सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर त्याआधी इतक्या मोठ्या वयात कुणालाच मिळालं नव्हतं. तो विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे.

सिनेमा होता डेव्हिड लीनचा 'अ पॅसेज टू इंडिया'. तो पाहून अनेकांना प्रश्न पडला असेल, की इतकी जबरदस्त म्हातारी इतकी वर्षं होती कुठे? तर ती होती नाटकात. आणि तिथे नुसती होती असं नाही, विसाव्या शतकातल्या इंग्रजी रंगभूमीचा इतिहास तिला वगळून लिहिताच येत नाही.

पेगीचा जन्म २२ डिसेंबर १९०७ ला लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये झाला. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. आईला नाटकाची आवड होती, पण हौशी पातळीवरच. मुलीने मात्र सोळाव्या वर्षी थेट लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये नाव घातलं. आवाज कसा लावायचा, शब्द कसा टाकायचा, हे घोटून घेणारी ही शाळा. वर्गात तिच्यासोबत कोण होता, तर लॉरेन्स ऑलिव्हिए. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'च्या प्रवेशासाठी या दोघांना मिळून एक बक्षीस मिळालं होतं. पुढे दोघंही इंग्रजी नाटकाच्या शिखरावर गेले. फरक इतकाच, की ऑलिव्हिए हॉलिवूडला जाऊन जगभर झाला आणि पेगी लंडनमध्येच राहिली.

१९२६ मध्ये बर्मिंगहॅमला तिने व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल ठेवलं. पण तिला घडवणारी घटना घडली ती चार वर्षांनी.

१९३० साली लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' लागलं. गोष्ट अनेकांना माहीत असेल. काळा सेनापती ऑथेल्लो आणि त्याची गोरी बायको डेस्डेमोना. संशय पेरला जातो आणि तो तिचा जीव घेतो. इंग्लंडमध्ये तेव्हा सर्रास काय व्हायचं, तर गोरा नट तोंडाला काळं फासून ऑथेल्लो करायचा. या वेळी मात्र ऑथेल्लो होता पॉल रोब्सन. अमेरिकेतला कृष्णवर्णीय गायक आणि नट, शिक्षणाने वकील, आवाज असा की अख्खं थिएटर भरून जावं. आणि डेस्डेमोना होती २२ वर्षांची पेगी.

आता यात चुंबन आलं, मिठी आली. वर्तमानपत्रवाल्यांनी नाटक राहिलं बाजूला, तिला हेच विचारायला सुरुवात केली, की काळ्या माणसाने तुझं चुंबन घेतलेलं तुला चालतं का? अशा नटासोबत काम करणं हा आपला मान आहे, असं तिने सांगून टाकलं. मग निनावी पत्रं येऊ लागली, घाणेरड्या भाषेतली.

याच्याही पुढची गोष्ट नाटकगृहाच्या शेजारी होती. सॅव्हॉय थिएटरला लागूनच सॅव्हॉय हॉटेल आहे. आदल्याच वर्षी, १९२९ मध्ये, तिथल्या ग्रिलमध्ये रोब्सनला त्याच्या रंगामुळे प्रवेश नाकारला होता. म्हणजे बाहेर पोस्टरवर त्याचं नाव, आत त्याला बघायला गर्दी आणि शेजारच्या दारातून त्याला आत जाता येत नाही. पेगीला आपल्या देशात असं काही असतं हे तोवर जाणवलंच नव्हतं. राजकारणाची जाण आपल्याला इथून आली, असं ती पुढे सांगत राहिली.

नाटकाबाहेरही ती आणि रोब्सन जवळ आले. दोघंही विवाहित होते. ते प्रकरण फार टिकलं नाही, आणि पेगीचं पहिलं लग्नही टिकलं नाही. एकूण तीन लग्नं झाली, तिन्ही मोडली. तिसरा नवरा जेरेमी हचिन्सन हा नावाजलेला वकील, त्याच्याशी संसार पंचवीसेक वर्षं चालला, दोन मुलं झाली. या विषयावर पानंच्या पानं लिहिता येतील, पण पेगीच्या आयुष्यात खरी निष्ठा कशावर होती हे बघायचं असेल तर स्टेजकडेच वळावं लागतं.

१९३५ साल घ्या. लंडनमध्ये जॉन गिलगुडने 'रोमिओ अँड ज्युलिएट' केलं. त्यात एक अफलातून शक्कल होती. आधी ऑलिव्हिए रोमिओ आणि गिलगुड त्याचा मित्र मर्क्युशिओ, काही आठवड्यांनी दोघांनी भूमिका बदलल्या. लंडनकर दोन्ही बघायला गेले आणि कोण भारी यावर वाद घालत बसले. ज्युलिएट मात्र दोन्हीकडे एकच होती, पेगी. एक रोमिओ धसमुसळा, एक रोमिओ कवितेत हरवलेला. तिला दोघांवरही तितकंच प्रेम करायचं होतं. माझ्या मते त्या वादात सगळ्यात अवघड काम कुणाचं होतं हे फारसं कुणी विचारलंच नाही.

त्याच वर्षी हिचकॉकचा 'द थर्टी-नाइन स्टेप्स' आला. त्यात पेगी जेमतेम काही मिनिटं आहे. स्कॉटलंडच्या माळावरच्या एका संशयी, कंजूष शेतकऱ्याची तरुण बायको. पळून आलेल्या नायकाला ती रात्री नवऱ्याचा कोट देऊन घराबाहेर काढते. पुढे त्याच कोटाच्या खिशातलं भजनाचं पुस्तक नायकावर झाडलेली गोळी अडवतं. शहराबद्दल विचारणारे तिचे डोळे, नवऱ्याची चाहूल लागताच आवळून घेतलेला चेहरा. आज हा सिनेमा सहज बघायला मिळतो. तरुण पेगी बघायची असेल तर ही काही मिनिटं हाताशी आहेत. ती ज्युलिएट मात्र गेली. तिची फिल्म कुणी केलीच नाही.

इथे कुणीही विचारेल, मग हिने सिनेमे का नाही केले?

केले, पण अधूनमधून. १९५९ च्या 'द नन्स स्टोरी'मध्ये ऑड्री हेपबर्नसोबत एक भूमिका आहे, नंतर आणखी काही. पण तिचा जीव कंपनीत होता. आपल्याकडे नाटक कंपनी म्हटलं की मुक्काम, पंगती आणि एकाच बिऱ्हाडातली माणसं डोळ्यासमोर येतात. लंडनच्या वेस्ट एंडमध्ये तसं नव्हतं. एका नाटकापुरते नट जमायचे आणि प्रयोग संपले की पांगायचे. पेगीला वर्षानुवर्षं एकत्र काम करणारा, एकमेकांच्या सवयी ओळखणारा नटसंच हवा होता. १९३७-३८ मध्ये गिलगुडने असा प्रयत्न केला तेव्हा ती त्यात होती. पण तो हंगामापुरताच टिकला.

१९५४ मध्ये तिने इब्सेनचं 'हेडा गाब्लर' केलं. इतकं गाजलं की इब्सेनच्या देशात, नॉर्वेतही प्रयोग झाला आणि तिथल्या राजाने पदक दिलं. १९५६ मध्ये ब्रिटनने 'डेम' हा किताब दिला, म्हणजे पुरुषांना 'सर' असतं तसं. त्या डेम पेगी झाल्या. आपणही इथून पुढे अहो-जाहो करूया.

मग १९६० उजाडलं. पीटर हॉल नावाचा २९ वर्षांचा दिग्दर्शक स्ट्रॅटफर्डचं थिएटर हातात घेत होता. त्याला तिथे कायमस्वरूपी नटसंच उभा करायचा होता. हीच पुढची रॉयल शेक्सपिअर कंपनी. कल्पना चांगली, पण मोठा नट यायला तयार हवा ना. हॉलने पेगींना विचारलं आणि त्यांनी होकार दिला. पेगी ॲशक्रॉफ्ट येतायत म्हटल्यावर त्या कंपनीला वजन आलं. जी गोष्ट त्या पंचवीस वर्षं शोधत होत्या, ती अशी पन्नाशी उलटल्यावर मिळाली.

पहिल्याच हंगामात त्यांनी 'टेमिंग ऑफ द श्रू'मधली केट केली. वय ५२. समोर नायक पीटर ओ'टूल, वय २७! आज असं कास्टिंग झालं तर सोशल मीडियावर आठवडाभर मीम्स फिरतील. तेव्हा ते चाललं, कारण स्टेजवर त्या ५२ च्या वाटत नव्हत्या.

त्याहून मोठी झेप १९६३ ची. 'वॉर्स ऑफ द रोझेस' या नावाखाली शेक्सपिअरची 'हेन्री सहावा'ची नाटकं आणि 'रिचर्ड तिसरा' एकत्र गुंफली गेली. पेगींकडे राणी मार्गारेट होती. पहिल्या भागात ती फ्रान्सहून आलेली कोवळी पोरगी. मग सत्तेची चटक लागलेली राणी, मग रणांगणावर शत्रूची थट्टा करत त्याला मारणारी बाई, आणि शेवटी सगळं गमावलेली, शापवाणी उच्चारत फिरणारी म्हातारी. हा सगळा प्रवास पंचावन्न वर्षांच्या नटीने केला. बीबीसीने ते प्रयोग १९६५ मध्ये टीव्हीवर आणले, म्हणून निदान एवढं तरी उरलं.

कारण नाटकाचं दुखणं हेच आहे. पडदा पडला की संपलं. पेगींनी शेक्सपिअर, चेकॉव, इब्सेन, ब्रेख्त, बेकेट सगळे केले. बेकेटच्या 'हॅपी डेज'मध्ये कमरेपर्यंत मातीत गाडलेली विनी त्यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर केली. ज्यांनी पाहिलं त्यांच्या आठवणी आहेत, काही फोटो आहेत. बस.

कॅमेऱ्याने त्यांना खऱ्या अर्थाने पकडलं ते सत्तरी ओलांडल्यावर. १९८० मध्ये बीबीसीवर 'कॉट ऑन अ ट्रेन' आलं. रात्रीची ट्रेन युरोपातून निघाली आहे, डब्यात एक तरुण ब्रिटिश माणूस आणि एक व्हिएन्नाची म्हातारी. ती त्याला सतत राबवते, टोचते आणि हळूहळू त्याचं अख्खं आयुष्य उघडं पाडते. ही म्हातारी गोड अजिबात नाही. त्या वर्षीच्या टीव्हीवरच्या कामासाठी पेगींना बाफ्टा मिळाला.

आणि मग आला भारत.

पॉल स्कॉट या ब्रिटिश कादंबरीकाराने इंग्रजी राजवटीच्या अखेरच्या वर्षांवर चार कादंबऱ्या लिहिल्या होत्या. त्यावर ग्रॅनडा टेलिव्हिजनने 'द ज्वेल इन द क्राउन' ही १४ भागांची मालिका केली, ती १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये दाखवली गेली. पेगी त्यात बार्बी बॅचलर झाल्या. निवृत्त मिशनरी शिक्षिका, ना घर ना माणसं. हिल स्टेशनवरच्या एका म्हाताऱ्या मैत्रिणीच्या बंगल्यात तिला खोली मिळालेली असते. मैत्रीण मरते आणि गोऱ्या साहेबांच्या मडमा बार्बीला बाहेर काढतात. ती बडबडी आहे, खालच्या वर्गातली आहे, त्यांच्यात बसणारी नाही. आयुष्यभराची ट्रंक घेऊन ती टांग्यातून उतारावरून निघते, अपघात होतो आणि मग तिची वाचाच जाते. साम्राज्य भारतीयांना कसं वागवत होतं ते आपल्याला माहीत आहे. ते आपल्याच गरीब माणसांनाही कसं बाहेर फेकत होतं, हे बार्बी दाखवते. या भूमिकेसाठी पुन्हा बाफ्टा.

हे काम संपवून दमलेल्या असतानाच डेव्हिड लीनने 'अ पॅसेज टू इंडिया'साठी विचारलं. पेगींनी वयाचं कारण पुढे केलं, की मी पंच्याहत्तरीची आहे. लीनने उत्तर दिलं, मीही. विषय संपला.

लीनने सिनेमा बराचसा बंगळूर आणि आसपास शूट केला. गुहांच्या प्रसंगांसाठी जे डोंगर वापरले त्यात रामनगरचा परिसरही होता, जिथे काही वर्षांपूर्वी 'शोले'तल्या गब्बरचा अड्डा होता. पेगींना त्या उन्हात हत्तीवरही बसावं लागलं.

भूमिका मिसेस मूरची. मुलाला भेटायला आलेली म्हातारी इंग्रज बाई रात्री एकटी मशिदीत जाते. तिथे डॉक्टर अझीझ म्हणजे व्हिक्टर बॅनर्जी तिच्यावर भडकतो, कारण त्याला वाटतं हिने बूट घालूनच पाय ठेवला असणार. बूट तिने आधीच काढलेले असतात. तिथून त्यांची मैत्री सुरू होते. पुढे अझीझवर खोटा आळ येतो, तो निर्दोष आहे हे तिला आतून माहीत असतं, पण ती थकलेली असते आणि बोटीने निघून जाते. समुद्रातच तिचा मृत्यू होतो. पेगी या बाईला देवी करत नाहीत. चांगली आहे, पण नको तेव्हा पाठ फिरवते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. रोब्सनसोबत स्टेजवर उभी राहून निनावी पत्रं वाचलेली मुलगी ५४ वर्षांनी हे करत होती, हे लक्षात ठेवून तो सिनेमा बघा.

सिनेमाला ११ नामांकनं मिळाली, ऑस्कर दोन. एक मॉरिस जारच्या संगीताला, दुसरं पेगींना.

त्यानंतरही त्या थांबल्या नाहीत. १९८८ च्या 'मादाम सुझात्स्का'मध्ये त्या शर्ली मॅक्लेन आणि आपल्या शबाना आझमीसोबत दिसल्या. १९८९ मध्ये 'शीज बीन अवे'मध्ये त्यांनी साठ वर्षं मनोरुग्णालयात कोंडलेल्या बाईची भूमिका केली, दिग्दर्शक तोच पीटर हॉल. व्हेनिसला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना आणि सहकलाकार जेराल्डीन जेम्सला विभागून मिळाला. तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या.

१४ जून १९९१ ला लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. क्रॉयडनमध्ये १९६२ पासून त्यांच्या नावाचं थिएटर आहे. अस्थी मात्र तिथे नाहीत. स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचं घर जिथे होतं, त्या न्यू प्लेसच्या बागेत पेगींनी १९६९ मध्ये एक तुतीचं झाड लावलं होतं. त्याच झाडाच्या बुंध्याभोवती त्या विखुरल्या गेल्या.