कवळाण्याचा गोपाळ

श्रींच्या मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त जुनी दप्तरे सुटली, तशा घरोघरच्या वंशावळीही बाहेर निघाल्या. त्यावरून श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांची हकिकत आठवते.

मालेगाव तालुक्यातील कवळाणे या खेड्यात काशीराव गायकवाड शेती करीत. त्यांचा मधला मुलगा गोपाळ, जन्म १८६३. इकडे १८७५ साली इंग्रज सरकारने मल्हारराव महाराजांना बडोद्याच्या गादीवरून दूर केले. कै. खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. मुलगा मात्र गायकवाडांच्याच वंशातला हवा होता.

कवळाणेकर आपले मूळपुरुष म्हणून प्रतापरावांचे नाव सांगत. १७३२ साली डाकोर येथे मारले गेलेल्या पिलाजीरावांचे हे पुत्र. पण सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटलेला, शाखा शेतीत रमलेली! ती औरस नव्हे, असेही बोलले जाई. पिढीला पिढी जोडून पाहावी लागली. अखेर नाते मान्य झाले. एक दुवा निखळता, तर गोपाळ नांगरामागेच राहता.

दिनांक २७ मे १८७५ रोजी दत्तविधान झाले. बारा वर्षांच्या त्या मुलास तोवर अक्षरओळखही नव्हती. १८८१ अखेर राज्यकारभार हाती आला. पुढे याच महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सर्व संस्थानास लागू केले. डॉ. आंबेडकरांना १९१३ साली अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली, तीही बडोद्याचीच.

महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत निवर्तले.