सम्राटाचं ताट

मैत्रिणींनो, आज मी सांगतेय पाचव्या चार्ल्सची कथा. जन्म १५०० सालचा, गेंट शहरातला. स्पेन, नेदरलँड्स, नेपल्स, अमेरिकेतला मुलूख आणि जर्मनीचं सम्राटपद, एवढा पसारा! पण जिभेवर काही त्याचं राज्य नव्हतं. मांस, मासे आणि थंडगार बिअर हवीच. तिशीच्या आतच गाऊटनं गाठलं. वैद्य पथ्य सांगून थकले. १५५५ साली ब्रुसेल्सला राज्य सोडताना एका हातात काठी, दुसरा हात तरुण सरदाराच्या खांद्यावर. वय अवघं पंचावन्न!

पुढे तो स्पेनमधल्या युस्तेच्या मठात राहिला. तिथंही लांबून मासे नि खाऊच्या भेटी येतच राहिल्या. १५५८ साली हिवतापानं तो गेला. त्याच्या जपून ठेवलेल्या बोटाची तपासणी २००६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यात युरिक ॲसिडचे खडे सापडले.

मला वाटतं, त्याला आग्रहानं वाढणारेही चुकलेच. आपल्या घरी ताट आपणच वाढतो ना? मग गाऊट असलेल्याला मटण, कलेजी, मांदेली, तारली बेतानं वाढा. दारू, बिअर आणि गोड कोल्ड्रिंक टाळा. पाणी भरपूर द्या. वरण, दूध, ताक खुशाल चालतं. पाळी गेल्यावर हे दुखणं आपल्यालाही गाठतं, बरं का! अंगठा सुजून ठणकला तर डॉक्टरांना दाखवा. नुसत्या पथ्यावर भागतंच असं नाही, गोळ्याही लागतात. त्या मनानं बंद करू नका.