बिली हॉलिडे

बिली हॉलिडे (जन्म : फिलाडेल्फिया, ७ एप्रिल १९१५, मृत्यू : न्यू यॉर्क, १७ जुलै १९५९) या आफ्रिकी-अमेरिकी जॅझ गायिका होत्या. त्यांचे मूळ नाव एलिनोरा फेगन. जॅझ गायनाच्या इतिहासात त्यांचे स्थान मोठे आहेच. पण अमेरिकेतील अमली पदार्थविरोधी कारवाई आणि वर्णभेद यांचा संबंध अभ्यासणाऱ्यांनाही त्यांचे चरित्र टाळता येत नाही.

त्यांचे बालपण बाल्टिमोर येथे गरिबीत गेले. वडील क्लॅरेन्स हॉलिडे हे गिटारवादक होते. मुलीच्या संगोपनात त्यांचा वाटा नगण्य होता. किशोरवयातच बिली न्यू यॉर्कमधील हार्लेम या वस्तीत आल्या व तेथील क्लबांत गाऊ लागल्या. १९३३ साली निर्माते जॉन हॅमंड यांनी त्यांचे गाणे ऐकले आणि त्याच वर्षी त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नव्हते, आवाजाचा पल्लाही फार मोठा नव्हता. तालाच्या किंचित मागे रेंगाळत शब्द उच्चारण्याची त्यांची लकब मात्र पुढील अनेक गायक-गायिकांनी उचलली. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांनी त्यांना ‘लेडी डे’ हे नाव दिले.

१९३८ मध्ये त्या आर्टी शॉ यांच्या गोऱ्या वादकांच्या वाद्यवृंदात गात होत्या. न्यू यॉर्कच्या ज्या हॉटेलात त्यांचे गाणे ऐकायला लोक येत, तेथेच त्यांना मालवाहू लिफ्टने ये-जा करण्यास सांगण्यात आले. त्या वर्षअखेर त्यांनी वाद्यवृंद सोडला. १९३९ पासून ‘कॅफे सोसायटी’मध्ये त्या ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गाणे म्हणू लागल्या. एबल मीरोपोल या शिक्षकाने लिहिलेल्या या गाण्याचा विषय होता, गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीयांना झाडाला लटकावून ठार मारण्याचे प्रकार. कोलंबिया कंपनीने ते ध्वनिमुद्रित करण्याचे नाकारले. कमोडोर या लहान कंपनीने ते केले.

१९४०च्या दशकात त्यांना हेरॉइनचे व्यसन जडले. हॅरी अ‍ॅन्सलिंगर यांच्या अमली पदार्थ विभागाची जॅझ कलावंतांवर विशेष नजर असे. या गाण्यामुळेच विभागाने त्यांचा पिच्छा पुरवला असे काही लेखक मानतात. त्याला कागदोपत्री आधार तोकडा आहे. पिच्छा पुरवला गेला, हे मात्र निर्विवाद. मे १९४७ मध्ये त्यांना अटक झाली. वकिलाविना उभ्या राहून त्यांनी गुन्हा कबूल केला व उपचारांसाठी रुग्णालयात पाठवण्याची विनंती केली. शिक्षा झाली ती एक वर्ष एक दिवस तुरुंगवासाची. ती त्यांनी वेस्ट व्हर्जिनियातील ऑल्डरसन येथे भोगली.

मार्च १९४८ मध्ये सुटका झाल्यावर काही दिवसांतच कार्नेगी हॉलमधील त्यांच्या कार्यक्रमाची सारी तिकिटे खपली. परंतु खरी शिक्षा पुढेच होती. न्यू यॉर्कमध्ये मद्यविक्री होणाऱ्या ठिकाणी गाण्यासाठी पोलिसांचे ‘कॅबरे कार्ड’ लागे आणि शिक्षा झालेल्यांना ते नाकारले जाई. जॅझचे जगणेच अशा क्लबांवर असल्याने त्यांचा रोजचा व्यवसाय बुडाला. पुढे थेलोनिअस मंक या पियानोवादकाचीही हीच गत झाली. १९४९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे बिली यांना पुन्हा अटक झाली. त्या खटल्यात ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले. १९५६ साली त्यांचे ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

३१ मे १९५९ रोजी यकृत व हृदयाच्या विकाराने त्यांना न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन रुग्णालयात नेण्यात आले. जूनमध्ये, खोलीत अमली पदार्थ सापडल्याच्या आरोपावरून, त्यांना रुग्णशय्येवरच अटक झाली; बोटांचे ठसे तेथेच घेतले गेले आणि दाराशी पोलीस बसवण्यात आले. १७ जुलै रोजी, वयाच्या ४४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्या बँकखात्यात ७० सेंट होते. कॅबरे कार्डाची पद्धत न्यू यॉर्क शहराने १९६७ साली रद्द केली.