डॉ. अलॉइस अल्झायमर : जीवन आणि कार्य

'अल्झायमर' हा शब्द तुम्ही आजाराचे नाव म्हणून नक्की ऐकला असेल. आजोबा कपाळावरचा चष्मा घरभर शोधू लागले की आपण गमतीने तो वापरतोही. (साध्या विसरण्याला हे नाव लावू नये, बरं का!) पण मुळात ते एका माणसाचे आडनाव आहे. चला, आज त्या माणसाची ओळख करून घेऊया.

अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील बव्हेरियात, मार्क्टब्राइट या लहानशा गावी झाला. वडील नोटरी होते. अलॉइस यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि पदवीसाठी प्रबंध लिहिला तो कशावर, तर कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर! १८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. लवकरच फ्रान्झ निस्ल तिथे आले. मेंदूतील पेशी रंगवून स्पष्ट दाखवायची युक्ती निस्ल यांच्याकडे होती. दोघांची जोडी जमली. दिवसा रुग्ण तपासायचे आणि रात्री सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ती सहसा सांगितली जात नाही. अल्झायमर यांचा सुरुवातीचा मोठा अभ्यास मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर होता. रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद झाल्या की त्यांच्या आसपासचा मेंदू झिजतो आणि माणसाची बुद्धी ढासळते, हे त्यांनी १८९० च्या दशकात दाखवले. असे का होते? आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो. शिवाय त्याच्याकडे साखरेचा साठा जवळजवळ नसतो. रोज दळण आणून रोज भाकरी करायची, असे ते घर आहे. रक्त पोचले नाही तर १० सेकंदांच्या आसपास माणूस बेशुद्ध पडतो.

१९०१ च्या सुरुवातीला अल्झायमर यांची पत्नी सेसिली वारली. तीन मुले पदरात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आगुस्टे नावाची एक बाई रुग्णालयात दाखल झाली. आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणतात ना? ही तर अवघी ५१ वर्षांची होती. जेवताना ताटात फुलकोबी आणि मांस होते, पण काय खाते आहेस असे विचारल्यावर तिने पालक सांगितले. स्वतःचे नाव लिहायला घेतले की अर्ध्यातच विसरायची. अल्झायमर तिच्याजवळ बसून प्रश्न विचारत आणि तिचे प्रत्येक उत्तर टिपून ठेवत. पुढे ते म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले, तरी तिची चौकशी त्यांनी सोडली नाही.

एप्रिल १९०६ मध्ये ती वारली. तिचा मेंदू म्युनिकला मागवून घेतला. तो आक्रसला होता. मोठ्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या दिसल्या, ते त्यांच्या ओळखीचेच होते. पण चांदीच्या क्षारांनी रंगवल्यावर पेशींच्या आत धाग्यांचा गुंता आणि पेशींच्या बाहेर कसले तरी साचलेले ठिपके दिसले. हे मात्र नवे होते. ३ नोव्हेंबर १९०६ ला ट्युबिंगनच्या सभेत त्यांनी ते मांडले. सभेत एकानेही प्रश्न विचारला नाही! १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

त्यानंतर सगळ्यांचे लक्ष ठिपके आणि गुंता यांच्याकडे गेले आणि रक्तवाहिन्यांचा धागा मागे पडला. मला हे जरा चुकीचेच वाटते. १९४० च्या दशकात अमेरिकेत सीमोर केटी आणि कार्ल श्मिट यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतून किती रक्त वाहते ते मोजले. दर मिनिटाला १०० ग्रॅम मेंदूमागे साधारण ५० मिलिलिटर! पुढे पेट स्कॅन आले आणि मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो हे चित्रातच दिसू लागले. या आजारात बाजूच्या आणि मागच्या काही भागांत साखरेचा वापर कमी झालेला असतो. एवढेच नाही, तर वंशाने धोका असलेल्या काही मध्यमवयीन माणसांत स्मृती शाबूत असतानाही ही घट आढळली. आधी रक्तपुरवठा घटतो की आधी पेशी आजारी पडून मागणीच कमी करतात, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण मध्यम वयातला रक्तदाब आणि मधुमेह पुढे हा धोका वाढवतात, हे मात्र दिसून आले आहे.

१९१२ मध्ये अल्झायमर ब्रेस्लाऊला प्राध्यापक झाले. तिकडे जातानाच ते आजारी पडले आणि पुढे हृदयाने दगा दिला. १९ डिसेंबर १९१५ रोजी ते गेले. वय किती? ५१, म्हणजे आगुस्टे दाखल झाली तेव्हा तिचे होते तेवढेच. फ्रँकफर्टला सेसिलीशेजारी त्यांना पुरले. आगुस्टेची हरवलेली फाइल १९९५ मध्ये फ्रँकफर्टच्याच रुग्णालयात सापडली. तिच्यात अल्झायमर यांच्या हातची टिपणे होती, आणि आगुस्टेने नाव लिहायचा प्रयत्न केलेला तो कागदही होता.